गटात बसवलं म्हणजे गट झाला असं नाही: नव्या शिक्षकांसाठी वर्गातले सांघिक खेळ

चार मुलांना एका बाकाभोवती बसवून "आता मिळून करा" म्हटलं की पुढे काय होतं, हे शिकवायला लागल्यावर महिन्याभरात कळतं. जिचं अक्षर चांगलं ती लिहिते, ज्याला उत्तर येतं तो सांगतो, तिसरा मान डोलावतो आणि चौथा खिडकीबाहेर पाहत बसतो. तक्ता छान होतो, भिंतीवर लागतो, खाली चौघांची नावं असतात. यात मुलांचं फारसं चुकलेलं नसतं. कामच असं दिलेलं असतं की ते दोघांत आटपतं.

पुढचे सगळे खेळ म्हणून एकाच कसोटीवर निवडले आहेत. प्रत्येक मुलाच्या हातात असं काहीतरी हवं, की ते मूल गप्प बसलं तर गटाचं काम अडेल. साहित्य किती रंगीत, खेळ किती मजेचा, हे त्यानंतर पाहायचं. ही कसोटी लक्षात ठेवलीत तर पुढे स्वतःचे खेळही रचता येतील.

गट केवढा असावा

फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्सिमिलियन रिंगलमन यांनी माणसं दोर ओढताना किती जोर लावतात, हे मोजलं होतं. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत दिसतं, की ओढणारे वाढत गेले तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठ जणांचा मिळून जेवढा जोर व्हायला हवा होता, त्याच्या जवळपास निम्माच भरला. काही जोर एकमेकांचा मेळ न बसल्याने वाया जातो, आणि काही मुळात लागतच नाही, कारण आपण जरा सैल सोडलं तर कोणाला कळणार आहे? १९७९ साली बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच तपासलं. तिथेही गटात गेल्यावर प्रत्येकाचा आवाज कमी भरला. (गटात गेल्यावर आवाज कमी होतो, यावर कोणताही शिक्षक सहजी विश्वास ठेवणार नाही, ते सोडा.)

तेव्हा गट चौघांचा करा. चौघांच्या दोन जोड्या पडतात, त्यामुळे आधी जोडीत आणि मग चौघांत असं काम देता येतं. पट चारने भागला जात नसेल तर उरलेल्यांचे तिघा-तिघांचे गट करा. पाचवं मूल हमखास प्रेक्षक होतं. सहाचा गट म्हणजे दोन गट आणि एक भांडण.

गट पाडायचे कसे

"तुमचे तुम्ही गट करा" असं सांगू नका. मैत्रिणी मैत्रिणींकडे जातात, आणि कोणालाच नको असलेलं एक मूल वर्गाच्या मधोमध उभं राहतं. दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडण्याची पद्धत त्याहून वाईट, कारण त्यात शेवटी उरलेल्याची जाहीर बोली लागते.

सोपी पद्धत आकडे मोजण्याची. इथे नवे शिक्षक एक गोष्ट उलटी करतात. चाळीस मुलं आहेत आणि चौघांचे गट हवेत, म्हणून एक ते चार मोजायला लावतात. त्यातून दहा-दहा जणांचे चार गट निघतात. मोजायचं एक ते दहा. मग सगळे 'एक' एकत्र, सगळे 'दोन' एकत्र, असे चौघांचे दहा गट पडतात. शेजारी बसणारे मित्र आपोआप वेगळे होतात, हा वरचा फायदा.

लहान वर्गांत चित्रांचे तुकडे वापरा. दहा चित्रं घ्या, प्रत्येकाचे चार तुकडे करा, सगळे मिसळून वाटा आणि आपल्या चित्राचे सोबती शोधायला सांगा. चौथा तुकडा सापडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, म्हणजे आपली कसोटी गट पाडतानाच लागू झाली. तुकडे वाटताना थोडी लबाडी करायला हरकत नाही. वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या गटात एखादं समजूतदार मूल येईल, आणि सकाळीच मारामारी केलेले दोघे एकत्र येणार नाहीत, एवढं हाताने जुळवून घ्या.

बाक जमिनीला पक्के असतील तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेतल्या मुलांना मागे वळून बसवा. दोन बाक समोरासमोर आले की गट झाला. फर्निचर हलवण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा हे बरं.

शांततेची खूण आणि सूचना

पहिल्या खेळाच्या आधी एक खूण ठरवा: तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून आपलाही हात वर करायचा. ही खूण खेळाशिवायच तीन-चारदा करून घ्या. मुलांना मुद्दाम गोंगाट करायला सांगा, मग हात वर करा. गोंगाट करायची अधिकृत परवानगी मिळाल्यामुळे मुलं हा सराव मन लावून करतात. खूण पक्की झाली नसेल तर पुढचं काहीही सुरू करू नका, नाहीतर अख्खा तास "ए, गप्प बसा" म्हणण्यात जाईल आणि तुमचा घसा बसेल.

सूचना गट पाडण्याच्या आधी द्या. एकदा मुलं समोरासमोर बसली की तुमच्याकडे पाठ होते आणि शब्द हवेत जातात. फळ्यावर तीनच गोष्टी लिहा: काय करायचं, किती मिनिटांत, आणि शेवटी हातात काय तयार हवं. मग "कळलं का?" असं विचारू नका. त्याला सगळे "हो" म्हणतात. एका मुलाला उभं करून "काय करायचंय ते सांग" म्हणा. त्याला सांगता आलं नाही, तर चूक बहुधा सूचनेत असते.

पाच मिनिटांचे खेळ

मोठ्या खेळांकडे जाण्याआधी पहिला आठवडाभर हे पुरेत.

मुकी रांग: वर्गाचे दोन भाग करा. प्रत्येक भागाने जानेवारी ते डिसेंबर अशा वाढदिवसाच्या क्रमाने रांगेत उभं राहायचं, पण एक शब्दही न बोलता, न लिहिता. मुलं बोटांनी महिने दाखवतात, खाणाखुणा करतात, एकमेकांना हाताला धरून जागेवर नेतात. रांग लागली की एका टोकाकडून तारखा मोठ्याने सांगायला लावा. चुकीच्या जागी उभं राहिलेलं कोणी निघालंच तर हशा होतो, पण तो कोणा एकावर नसतो, कारण शेजारच्यांनीही त्याला तिथे उभं राहू दिलेलं असतं. ज्यांना वाढदिवस माहीत नसेल किंवा सांगायचा नसेल, त्यांच्यासाठी क्रम बदला. नावाच्या पहिल्या अक्षरावरूनही रांग लागते.

विचार-जोडी-वर्ग: ही पद्धत अमेरिकेतले फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली आणि ती जगभर गेली, कारण तिला साहित्य काहीच लागत नाही. प्रश्न विचारा. एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने, तोंड बंद ठेवून विचार करायचा. दोन मिनिटं जोडीदाराशी बोलायचं. मग तुम्ही कोणाचंही नाव घ्यायचं, आणि त्या मुलाने जोडीदाराचं म्हणणं सांगायचं, स्वतःचं नाही. ही शेवटची अट माझी जोड. ती घातली की ऐकणं भाग पडतं.

यातलं पहिलं शांत मिनिट खाऊ नका. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण करून १९७० च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण वर्गासमोर गप्प उभं राहून मोजून पाहा.

पाठीला पाठ

दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे साधी आकृती असते, समजा एक चौकोन, त्याच्या डोक्यावर त्रिकोण, उजवीकडे छोटं वर्तुळ. दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्याने आकृतीचं नाव न घेता, म्हणजे 'घर' किंवा 'झाड' असं न म्हणता, फक्त रेषा, आकार आणि जागा सांगायच्या. दुसऱ्याने ऐकून काढायचं.

पहिल्या फेरीत काढणाऱ्याला प्रश्न विचारायला बंदी ठेवा. तीन मिनिटांनी चित्रं शेजारी धरा. त्रिकोण चौकोनाच्या पोटात गेलेला असतो, वर्तुळ कागदाबाहेर पळालेलं असतं. मुलं पोट धरून हसतात आणि लगेच "तू नीट सांगितलं नाहीस", "तू नीट ऐकलं नाहीस" सुरू होतं. इथे तुम्ही कोणाची बाजू घेऊ नका. आकृती बदला, भूमिका बदला आणि दुसऱ्या फेरीत प्रश्नांची मुभा द्या. या वेळी चित्रं बरीच जुळतात. मग एवढंच विचारा, "दुसऱ्यांदा जमलं, ते कशामुळे?" मुलं स्वतःच सांगतात: केवढा मोठा ते विचारलं, तो थांबत थांबत बोलला, मी "परत सांग" म्हटलं. ही उत्तरं त्यांच्याच शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. गटात बोलण्याचे नियम आपल्या तोंडून सांगितले तर दुपारपर्यंतही टिकत नाहीत; हे टिकतात.

हाच खेळ विषयात उतरवता येतो. भूमितीत कोन आणि बाजूंच्या मापांवरून आकृती, भूगोलात दिशा वापरून नकाशा, भाषेच्या तासाला वर्णनावरून खोलीचं चित्र. ज्या मुलाला नीट दिसत नाही, त्याच्याकडे सांगण्याचं काम द्या आणि आकृती जाड दोऱ्याने कागदावर चिकटवा, म्हणजे ती बोटांनी वाचता येईल. ज्याला कमी ऐकू येतं, त्याची जोडी समोरासमोर बसवून मधे पुस्तकाचा आडोसा धरा.

कागदाचा मनोरा

पीटर स्किलमन यांनी सुरू केलेला आणि टॉम वूजेक यांच्या २०१० मधल्या भाषणामुळे जगभर पोचलेला एक खेळ आहे: स्पॅगेटीच्या वीस कच्च्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमेलो, म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई. चौघांनी अठरा मिनिटांत उंचात उंच मनोरा बांधायचा, मार्शमेलो टोकावर ठेवायचा. वर्गासाठी वर्तमानपत्राची दहा पानं, मीटरभर चिकटपट्टी आणि टोकावर ठेवायला एक खोडरबर एवढं चालतं. अन्नाची नासाडी होत नाही, ते वेगळंच.

पायऱ्या अशा:

१. प्रत्येक गटाला सारखं साहित्य द्या. कात्री एकच द्या, किंवा देऊच नका.
२. नियम फळ्यावर लिहा: मनोरा जमिनीवर किंवा बाकावर स्वतःच्या पायावर उभा हवा, भिंतीला टेकलेला नको, आणि वेळ संपल्यावर खोडरबर टोकावर दहा सेकंद टिकला पाहिजे.
३. प्रत्येकाला एक बंधन द्या. एकाने फक्त सुरळ्या वळायच्या, चिकटपट्टी फक्त दुसऱ्यानेच फाडायची, तिसऱ्याच्या हातात खोडरबर, चौथा वेळ पाहणार आणि दर पाच मिनिटांनी सगळ्यांना थांबवून "आत्ता उभा राहतो का?" विचारणार.
४. अठरा मिनिटं लावा. मधे तुम्ही काहीही सुचवायचं नाही. हे सगळ्यांत अवघड.
५. मोजपट्टीने उंची मोजा आणि फळ्यावर लिहा. पडलेल्या मनोऱ्यांची उंची शून्य.

तिसरी पायरी गाळलीत तर काय होईल, ते आता तुम्हीच सांगाल: दोघे बांधतील, दोघे बघतील.

वूजेक यांनी सांगितलेली गंमत अशी, की या खेळात बालवाडीतली मुलं व्यवसाय व्यवस्थापन शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांपेक्षा सरासरीने उंच मनोरे उभारतात. मोठी माणसं आधी बराच वेळ योजना आखतात, मग बांधतात आणि शेवटच्या क्षणी मार्शमेलो वर ठेवतात. मग त्याच्या वजनाने सगळं खाली येतं. लहान मुलं पहिल्यापासून तो टोकावर ठेवून पाहतात, पडलं की बदलतात. मुलांना ही गोष्ट खेळ संपल्यावर सांगा. आधी सांगितलीत तर त्यांचा शोध तुम्हीच लावून टाकलात असं होईल.

तुकड्यांतून धडा: जिगसॉ

या लेखातला एकच प्रकार करायचा झाला, तर हा करा. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं जात होतं आणि शाळांमध्ये भांडणं उफाळली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्ग पाहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रोजची शिकवण्याची पद्धतच चढाओढीची आहे. शिक्षक विचारतात, सहा हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे खट्टू होतात, आणि ज्यांचा हात कधीच वर होत नाही ते आणखी मागे सरकतात. त्यांनी धड्याचेच तुकडे केले आणि एकेका मुलाला एकेक तुकडा दिला. आता शेजाऱ्याचं नीट ऐकण्यातच प्रत्येकाचा फायदा होता.

मधमाश्यांवरचा धडा घेऊन पाहू. चार तुकडे असे पडतात:

- पोळ्यातली माणसं, म्हणजे माश्या: राणी अंडी घालते, कामकरी माश्या बाकी सगळं काम करतात, नर कशासाठी असतात.
- फुलावरून फुलावर: परागीभवन म्हणजे काय आणि त्यातून झाडाला काय मिळतं.
- माशीचा नाच: फुलं कुठे आहेत हे माशी पोळ्यावर नाचून सांगते. नाचातल्या सरळ धावेचा उभ्या रेषेशी असलेला कोन सूर्याच्या संदर्भात दिशा दाखवतो आणि धाव जितकी लांबते तितकं अंतर जास्त. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं.
- मध कसा होतो: फुलातला रस पोळ्यात आणणं, त्यातलं पाणी उडवणं, साठवण.

प्रत्येक तुकडा अर्ध्या पानाचा, स्वतंत्र कागदावर. दुसऱ्याचा कागद वाचायला मिळता कामा नये.

पहिली फेरी, दहा मिनिटं. चौघांच्या मूळ गटात चार कागद वाटा. प्रत्येकाने आपला कागद एकट्याने वाचायचा.

दुसरी फेरी, पंधरा मिनिटं. 'नाच' मिळालेली मुलं एकत्र, 'मध' मिळालेली एकत्र, असे जाणकारांचे गट करा. चाळीसच्या वर्गात एका तुकड्याची दहा मुलं होतील. त्यांचे दोन-तीन गट पाडा. इथे त्यांनी दोन गोष्टी ठरवायच्या: यातलं महत्त्वाचं काय, आणि घरच्या गटाला हे समजावायचं कसं. वाचनात मागे असलेलं मूल या फेरीत सावरतं. त्याने वाचलेलं त्याला इथे पुन्हा ऐकायला मिळतं, शंका विचारता येते, आणि परत जाताना त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी पक्कं असतं. घाई झाली म्हणून ही फेरी गाळणारे शिक्षक पाहिले आहेत. मग कच्चा कागद घेऊन आलेलं मूल गटासमोर उघडं पडतं आणि गट त्याच्यावर चिडतो. फेरी गाळायचीच असेल तर जिगसॉ करू नका.

तिसरी फेरी, वीस मिनिटं. सगळे मूळ गटात परत. प्रत्येकाला चार मिनिटं, कागद उलटा ठेवून सांगायचं. बाकीच्यांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारायचाच.

चौथी फेरी. आता असा प्रश्न द्या, ज्याला चारही तुकडे लागतील: "परिसरातली बरीचशी फुलझाडं काढून टाकली, तर पोळ्यात आणि झाडांत काय काय बदलेल?" नाचणाऱ्या माशीला लांबची जागा सांगावी लागेल, रस कमी येईल, साठा घटेल, पिलावळीला पोसणं अवघड होईल, इकडे उरलेल्या झाडांना फळं कमी धरतील. एका तुकड्यावर उत्तर भागत असेल तर प्रश्न बदला. शेवटी पाच छोट्या प्रश्नांची चाचणी घ्या, ती ज्याची त्याने सोडवायची.

सगळं एका तासात बसत नाही. दोन तास जोडून घ्या, किंवा पहिल्या दोन फेऱ्या आज आणि उरलेलं उद्या. उद्या कोणी गैरहजर राहीलच, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन जादा प्रती ठेवा आणि त्याच जाणकार गटातल्या मुलाला पाहुणा म्हणून पाठवा.

चंद्रावर अडकलो तर

मोठ्या मुलांसाठी, साधारण सहावीपासून पुढे. जे हॉल यांनी १९६३ साली बांधलेला हा सराव 'नासा'च्या नावाने ओळखला जातो. तुमचं यान चंद्राच्या उजेड असलेल्या बाजूला, मुख्य यानापासून सुमारे ३२० किलोमीटर दूर उतरलं आहे. वाचलेल्या वस्तू महत्त्वाच्या क्रमाने लावायच्या. मूळ यादी पंधरा वस्तूंची आहे. पहिल्यांदा आठ पुरेत: आगपेटी, होकायंत्र, प्राणवायूच्या टाक्या, नायलॉनचा दोर, पाणी, अन्न, ताऱ्यांचा नकाशा, शेगडी.

आधी प्रत्येकाने एकट्याने क्रम लावायचा आणि तो कागद उलटा ठेवायचा. मग गटाने पंधरा मिनिटांत एक क्रम ठरवायचा. अट अशी, की हात वर करून मतदान करायचं नाही. पटवून द्यायचं किंवा पटवून घ्यायचं.

उत्तराचा क्रम: प्राणवायू, पाणी, ताऱ्यांचा नकाशा, अन्न, दोर, शेगडी, होकायंत्र, आगपेटी. आगपेटी शेवटी, कारण चंद्रावर जळायला हवाच नाही. होकायंत्र जवळपास निरुपयोगी, कारण पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र तिथे नाही. उजेडाच्या बाजूला शेगडीची गरज नाही.

गुण काढताना प्रत्येक वस्तूच्या आपल्या आणि बरोबर क्रमांकातला फरक घ्या आणि बेरीज करा. आगपेटी तिसरी लावली असेल तर फरक पाच. बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. आता तीन आकडे शेजारी मांडा: गटातल्या चौघांची सरासरी, चौघांतली सर्वांत चांगली बेरीज, आणि गटाची बेरीज. गटाची बेरीज सरासरीपेक्षा बहुधा चांगली येते, आणि मुलांना त्याचं नवल वाटतं.

खरी चर्चा तिसऱ्या आकड्यापाशी असते. एखाद्या गटात एकटीचं उत्तर गटापेक्षा चांगलं निघतं. म्हणजे बरोबर उत्तर गटात होतं आणि तरी ते हरलं. "तू बोलली होतीस का? मग काय झालं?" एवढंच विचारा आणि थांबा. कोणी म्हणेल, मी सांगितलं पण तो मोठ्याने बोलत होता. कोणी म्हणेल, मला वाटलं माझंच चुकलं असेल. एका तासात यापेक्षा जास्त काही हाती लागायला हवं असं मला तरी वाटत नाही.

उजळणीसाठी झटपट

गटातल्या चौघांना एक ते चार क्रमांक द्या. प्रश्न विचारा, दोन मिनिटं गटात बोलू द्या, मग एक आकडा पुकारा. प्रत्येक गटातला त्या क्रमांकाचा मुलगा किंवा मुलगी उभी राहून उत्तर देईल. आकडा आधी कळत नसल्याने हुशार मुलांना बाकीच्यांना तयार करावंच लागतं. स्पेन्सर केगन यांच्या पद्धतींतली ही सर्वांत सुटसुटीत. परीक्षेआधीच्या आठवड्यात रोज करता येते.

अडचणी येतीलच

सगळं स्वतःच करणारं मूल: त्याला दटावू नका. त्याला प्रश्न विचारण्याचं काम द्या, म्हणजे त्याने बोलायचं ते फक्त प्रश्नाच्या रूपात. किंवा प्रत्येकाला तीन खडे द्या. बोललं की एक खडा मधे टाकायचा, खडे संपले की ऐकायचं. बडबड्याचे खडे दोन मिनिटांत संपतात आणि पुढची आठ मिनिटं त्याच्यासाठी फार शैक्षणिक असतात.

अजिबात न बोलणारं मूल: आधी जोडीतच ठेवा. लाजाळूपणा आणि 'विषय कळलेला नाही' हे बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून शेजारी उकिडवं बसून हळूच विचारून घ्या.

गटात यायचंच नाही म्हणणारं मूल: ओढून नेऊ नका. वेळ मोजणं, निरीक्षण लिहिणं असं काम द्या. पुढच्या वेळी बहुतेक मुलं आपणहून येतात. हात गुंफून गाठ सोडवण्यासारखे अंगाला अंग लागणारे खेळ नव्या वर्गात टाळलेले बरे. काही मुलांना स्पर्श नको असतो आणि ते सांगता येत नाही.

गोंगाट: काम चालू असल्याचा आवाज आणि दंगा यांतला फरक कान लावला की कळतो. शेजारच्या वर्गातल्या बाईंना मात्र तो कळत नाही, तेव्हा त्यांना आधी सांगून ठेवा.

गुण आणि बक्षिसं

गटाला एकच गुण देऊन चौघांना वाटू नका. राबणाऱ्याला ते अन्यायाचं वाटतं आणि आरामात बसलेल्याला सोयीचं. रॉबर्ट स्लॅविन यांनी काढलेली तोड चांगली आहे: चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यायची, आणि आपल्याच आधीच्या गुणांपेक्षा जो जितका पुढे गेला तितके गुण गटाच्या खात्यात. पन्नासपैकी बारा मिळवणाऱ्याने वीस मिळवले तर तो गटाला अठ्ठेचाळीसवाल्याइतकाच, कधी जास्तच, उपयोगी पडतो. मग गट त्याला शिकवतो.

गटागटांतली स्पर्धा जपून वापरा. मनोऱ्याच्या उंचीची चुरस ठीक आहे. महिनाभर भिंतीवर गटांचे गुण टांगले तर मधल्या सुट्टीत त्यांची भांडणं सोडवायला तुम्हालाच जावं लागेल. त्याऐवजी सगळ्या वर्गाला एकच लक्ष्य द्या: मागच्या वेळी सगळ्या मनोऱ्यांची मिळून उंची जेवढी भरली, त्याहून आज जास्त भरते का.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात शांततेची खूण, मुकी रांग आणि रोज एकदा विचार-जोडी-वर्ग. दुसऱ्यात पाठीला पाठ, दोनदा. तिसऱ्यात चौघांचे गट पक्के करा आणि मनोरा बांधा. चौथ्यात पहिला जिगसॉ, तोही सोप्या धड्यावर, कारण पहिल्यांदा मुलं पद्धत शिकत असतात, विषय नंतर. प्रत्येक खेळानंतर पाच मिनिटं राखून ठेवा आणि तीनच प्रश्न विचारा: काय जमलं, कुठे अडलं, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करू. घंटा व्हायला दोन मिनिटं उरली असतील तर खेळ अर्धवट थांबवा, पण हे प्रश्न सोडू नका.

पक्के गट साधारण दीड महिना ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत "आम्हाला हा गट नको" अशी तक्रार आली तर लगेच बदलू नका. त्या गटाला आणखी एक पाठीला पाठ द्या आणि पाहा. दादागिरी किंवा चिडवणं चालू असेल तर मात्र त्याच दिवशी गट मोडा, आणि मोडण्याचं कारण वर्गासमोर सांगत बसू नका.